फळाचा गुण आणि मूत्रपिंडाचा जमाखर्च

आजाऱ्याच्या भेटीस जाताना फळे न्यावीत, ही आपल्याकडील जुनी आणि सुंदर रीत आहे. फळ पचनास हलके, मनास प्रसन्न करणारे आणि देणाऱ्याच्या आपुलकीची खूण पटविणारे. रुग्णाच्या उशाशी ठेवलेल्या डाळिंब-सफरचंदांकडे कोणी कधी संशयाने पाहिले नाही. अलीकडे मात्र फळांच्या पिशवीबरोबर एक बाटलीही येऊ लागली आहे. कधी त्या बाटलीत नोनीचा रस असतो, कधी आवळ्याचा, कधी डाळिंबाच्या अर्काच्या गोळ्या, तर कधी द्राक्षबियांच्या कॅप्सूल. वेष्टनावर ‘अँटिऑक्सिडंट’ हा शब्द ठळक अक्षरांत छापलेला असतो आणि ‘हे निसर्गाचेच आहे, याने अपाय कसा होईल?’ असे आणणारा मोठ्या विश्वासाने सांगतो.

ज्याची मूत्रपिंडे शाबूत आहेत, त्याच्या बाबतीत हा विश्वास बहुधा खिशालाच काय ती झळ लावतो. डायलिसिसवर असलेल्या रुग्णाच्या बाबतीत तो जिवावर बेतू शकतो. म्हणून या विषयाचा शांतपणे, कोणत्याही बाजूचा अभिनिवेश न बाळगता विचार होणे आवश्यक आहे. फळांचे गुण खरे आहेत, त्यांवर झालेले संशोधनही खरे आहे. पण कोणाच्या शरीरात, किती प्रमाणात आणि कोणत्या वेळी, हे प्रश्न त्या गुणांहून अधिक महत्त्वाचे आहेत.

यंत्र किती काम करते?

निरोगी माणसाची दोन मूत्रपिंडे मिळून दिवसाकाठी सुमारे 180 लिटर द्रव गाळतात. त्यातील उपयुक्त ते सारे परत रक्तात घेऊन दीड-दोन लिटर लघवी तेवढी बाहेर टाकतात. हे काम आठवड्याच्या 168 तासांत क्षणभरही थांबत नाही. मूत्रपिंडे निकामी झाल्यावर तेच काम यंत्राकडे सोपवावे लागते. हीमोडायलिसिसमध्ये रक्त शरीराबाहेर काढून बारीक पोकळ तंतूंच्या गाळणीतून फिरविले जाते. तंतूंच्या दुसऱ्या बाजूने मिनिटाला साधारण 500 मिलिलिटर या वेगाने विशिष्ट क्षारांचे द्रावण वाहत असते; चार तासांत ते सुमारे 120 लिटर होते. रक्तातील अशुद्ध द्रव्ये आणि वाढीव क्षार या द्रावणात उतरतात.

आठवड्यातून तीन वेळा, प्रत्येकी चार तास, असे डायलिसिस झाले तरी एकूण बारा तास होतात. उरलेल्या 156 तासांत जे काही खाल्ले-प्याले जाईल, ते शरीरात साचतच राहते. आपल्या देशात तर खर्चामुळे किंवा केंद्र दूर असल्यामुळे आठवड्यातून दोनदाच डायलिसिस घेणारे रुग्ण पुष्कळ आहेत. त्यांच्या साठवणीचे दिवस आणखी लांबतात. ही लांबण किती धोक्याची असते, हे 2011 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील पाहणीत दिसून आले. आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस घेणाऱ्या 32 हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी त्यात तपासल्या होत्या. दोन दिवसांच्या खंडानंतर येणाऱ्या दिवशी मृत्यूचे आणि हृदयविकाराने रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण इतर दिवसांपेक्षा जास्त आढळले.

अँटिऑक्सिडंटची कल्पना कोठून आली?

शरीरात प्राणवायूचा वापर होत असताना काही अतिशय क्रियाशील कण निर्माण होतात. ते पेशींच्या आवरणावर, प्रथिनांवर आणि रक्तातील स्निग्ध पदार्थांवर आघात करतात. त्यांना निष्प्रभ करणारी द्रव्ये शरीर स्वतः बनविते, तसेच ती आहारातूनही मिळतात. या द्रव्यांना अँटिऑक्सिडंट म्हणतात. क आणि ई ही जीवनसत्त्वे, तसेच फळांना रंग व तुरटपणा देणारी पॉलिफेनॉल या गटातील द्रव्ये त्यांत मोडतात. आघात करणारे कण वाढले आणि थोपविणारी द्रव्ये कमी पडली, की जी अवस्था येते तिला ‘ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस’ असे नाव आहे.

डायलिसिसच्या रुग्णांत हा असमतोल खरोखरच असतो. त्याची कारणेही अनेक आहेत. रक्त गाळणीच्या कृत्रिम पृष्ठभागाला स्पर्श करते तेव्हा पांढऱ्या पेशी चेतविल्या जातात आणि असे कण बाहेर टाकतात. पाण्यात विरघळणारे क जीवनसत्त्व द्रावणाबरोबर वाहून जाते. रक्तक्षयासाठी शिरेतून लोह द्यावे लागते, त्याचाही यात वाटा असतो. अनेकांना मुळात मधुमेह असतो. शिवाय पथ्यामुळे फळे आणि भाज्या कमी झालेल्या असतात. या रुग्णांत हृदय व रक्तवाहिन्यांचे विकार मोठ्या प्रमाणात दिसतात आणि त्यांमागे या असमतोलाचाही हात असावा, असे तज्ज्ञ मानतात. मग बाहेरून अँटिऑक्सिडंट दिल्यास लाभ होईल काय, हा प्रश्न शास्त्रज्ञांना पडणे स्वाभाविकच होते.

डाळिंबाचा प्रयोग

या प्रश्नाचे सर्वांत आशादायक उत्तर डाळिंबाकडून मिळाले. सोलापूरच्या डाळिंबाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि डाळिंबावरील राष्ट्रीय संशोधन केंद्रही सोलापुरातच आहे. त्यामुळे महाराष्ट्रातील वाचकांना या फळाविषयी विशेष आपुलकी वाटते. हा प्रयोग मात्र इस्राएलच्या उत्तर भागातील नहारिया येथील रुग्णालयात झाला आणि त्याचे निष्कर्ष 2012 मध्ये प्रसिद्ध झाले. हीमोडायलिसिसवरील 101 रुग्ण त्यात होते. एका गटास डाळिंबाचा 100 मिलिलिटर रस आणि दुसऱ्या गटास तसेच दिसणारे, परंतु गुणहीन पेय देण्यात आले. असे वर्षभर चालले. रस घेणाऱ्या गटात ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसच्या आणि दाहाच्या खुणा कमी झाल्या, तसेच जंतुसंसर्गामुळे रुग्णालयात जाण्याचे प्रसंगही घटले.

या बातमीचा ‘डायलिसिसच्या रुग्णांना डाळिंबाचा रस हितकारक’ एवढाच भाग पुढे पसरला. मागे राहिलेला भाग अधिक मोलाचा आहे. त्या रुग्णांना रस दररोज दिला नव्हता. आठवड्यातून तीनदा, तोही डायलिसिस चालू असताना दिला होता. शंभर मिलिलिटर म्हणजे चहाचा एक लहान कप. त्यातून येणारे पोटॅशियम त्याच बैठकीत यंत्राने काढून घेण्याची सोय होती आणि सारे डॉक्टरांच्या देखरेखीखाली चालले होते. घरी, डायलिसिसच्या दोन दिवसांमधल्या सुट्टीत, रोज मोठा पेला भरून रस पिणे आणि हा प्रयोग यांत काहीही साम्य नाही.

अर्काची कथा तर आणखी वेगळी आहे. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या संशोधकांनी डायलिसिसच्या एका लहान गटाला सहा महिने डाळिंबाचा अर्क कॅप्सूलमधून दिला. त्याचे निष्कर्ष 2015 मध्ये प्रसिद्ध झाले. रक्तदाब काहीसा उतरला. परंतु दाहाच्या खुणा आणि रुग्णांची शारीरिक क्षमता यांत उल्लेखनीय सुधारणा दिसली नाही. एकाच फळाचा रस आणि अर्क यांची फळे सारखी मिळतीलच असे नाही, एवढे यावरून स्पष्ट व्हावे.

मोठ्या चाचण्यांचा कौल

फळांच्या बाहेर पाहिले तर जीवनसत्त्वांच्या गोळ्यांवरही बरेच काम झाले आहे. इस्राएलमध्येच झालेल्या आणि 2000 साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हृदयविकार असलेल्या 196 डायलिसिस रुग्णांपैकी निम्म्यांना ई जीवनसत्त्व मोठ्या मात्रेत दिले गेले. त्यांच्यात हृदयविकाराच्या घटना कमी झाल्या, पण एकूण मृत्यूंच्या प्रमाणात फरक पडला नाही. पुढे 2014 मध्ये अमेरिकेत 353 रुग्णांवर ई जीवनसत्त्वाचे मिश्रण आणि अल्फा लिपोइक आम्ल यांची सहा महिने चाचणी झाली. ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस आणि दाह यांच्या खुणांवर त्याचा परिणाम आढळला नाही. ‘कॉक्रेन’ या संस्थेने 2012 मध्ये दहा चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला, त्यात मूत्रपिंडविकाराचे 1,979 रुग्ण होते. अँटिऑक्सिडंटमुळे या रुग्णांतील एकूण मृत्यू किंवा हृदयविकाराने येणारा मृत्यू कमी होतो, असे त्यात दिसले नाही. डायलिसिसवरील रुग्णांना काही लाभ असू शकेल, परंतु तो ठामपणे सांगण्याइतका पुरावा नाही, असा तो निष्कर्ष होता.

येथे एक भेद ध्यानात घ्यावा. रक्ततपासणीतील एखादी खूण सुधारणे आणि माणसाचे आयुष्य वाढणे किंवा त्याचा त्रास कमी होणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. जाहिरात पहिलीच्या आधारावर दुसरीचे आश्वासन देते. शिवाय अँटिऑक्सिडंट म्हणजे नेहमी निरुपद्रवीच, हेही खरे नव्हे. फिनलंडमध्ये 29,133 धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेली चाचणी 1994 मध्ये प्रसिद्ध झाली. गाजरासारख्या पदार्थांत आढळणारे बीटा कॅरोटीन गोळीच्या रूपाने घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कर्करोग कमी होईल, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात तो 18 टक्क्यांनी अधिक आढळला. अन्नात जे द्रव्य हितकर दिसते, ते वेगळे काढून मोठ्या मात्रेत दिल्यावर तसेच वागेल, याची खात्री देता येत नाही.

पोटॅशियमची खातेवही

फळांच्या रसांविषयी डॉक्टर सावध असतात त्याचे पहिले कारण पोटॅशियम. हा क्षार स्नायूंच्या आणि हृदयाच्या स्पंदनासाठी अत्यावश्यक आहे. शरीरातील त्याचा जवळजवळ सर्व साठा पेशींच्या आत असतो. रक्तात व पेशींबाहेरच्या द्रवात सुमारे दोन टक्केच. रक्तातील पातळी लिटरला साधारण 3.5 ते 5 मिलिमोल एवढ्या अरुंद पट्ट्यात राहावी लागते. ती सहाच्या पुढे गेली की हृदयाची लय बिघडण्याचा धोका वाढतो. दुर्दैव असे, की पातळी चढत असताना वेदना होत नाहीत. कोणाला पाय जड वाटतात, कोणाला अशक्तपणा येतो, तर कोणाला काहीच जाणवत नाही आणि पहिले लक्षण म्हणून हृदयच अडखळते.

हा हिशेब एखाद्या खातेवहीसारखा मांडून पाहता येईल. डायलिसिसच्या रुग्णास दिवसाला साधारण दोन ते अडीच ग्रॅम पोटॅशियमची मर्यादा सांगितली जाते. दोन ग्रॅम धरले तर आठवड्याची जमा चौदा ग्रॅम. डायलिसिसच्या एका बैठकीत सुमारे तीन ग्रॅम निघतात असे मानले, तर तीन बैठकींचा खर्च नऊ ग्रॅम. उरलेले पाच ग्रॅम मलावाटे आणि थोडीफार लघवी होत असल्यास तिच्यावाटे जावे लागतात. म्हणजे पथ्य पाळूनही खाते जेमतेम जुळते. लघवी पूर्ण थांबलेली असेल, बद्धकोष्ठ असेल किंवा आठवड्यातून दोनदाच डायलिसिस होत असेल, तर तेही जुळत नाही. अशा खात्यात रोज आणखी अर्धा ग्रॅम जमा होऊ लागला, तर शिल्लक कोठे जाऊन पोहोचेल, हे सांगण्यास तज्ज्ञ नको.

आता पदार्थ पाहू. शहाळ्याच्या पाण्यात 100 मिलिलिटरला सुमारे 250 मिलीग्रॅम पोटॅशियम असते. एका शहाळ्यात 300 मिलिलिटर पाणी निघाले तर ते 750 मिलीग्रॅम, म्हणजे दिवसाच्या मर्यादेच्या एकतृतीयांशाच्या आसपास. डाळिंबाचा आणि संत्र्याचा रस 100 मिलिलिटरला साधारण 200 मिलीग्रॅम देतो. केळ्यात 100 ग्रॅमला 350 मिलीग्रॅमच्या आसपास असते, तर सफरचंद आणि अननसात त्याच वजनाला जेमतेम शंभर-सव्वाशे. मनुकांत पाणी आटलेले असल्यामुळे 100 ग्रॅमला 700 मिलीग्रॅमहून अधिक आणि सुक्या जर्दाळूत त्याहीपेक्षा जास्त.

नोनी, म्हणजे बारतोंडी किंवा आल या झाडाच्या फळाचा रस, आज गावोगावी औषध म्हणून विकला जातो. 2000 मध्ये ‘अमेरिकन जर्नल ऑफ किडनी डिसीजेस’मध्ये मूत्रपिंडविकाराच्या एका रुग्णाची हकीकत प्रसिद्ध झाली. पथ्य नीट पाळत असल्याचे तो सांगत होता, तरी रक्तातील पोटॅशियम चढलेले होते. तपास करता तो नोनीचा रस घेत असल्याचे समजले. रसाची तपासणी केली तेव्हा त्यातील पोटॅशियम लिटरला 56.3 मिलिइक्विव्हॅलंट, म्हणजे संत्र्याच्या किंवा टोमॅटोच्या रसाच्या तोडीचे निघाले. रुग्णाच्या लेखी ते औषध होते, म्हणून पथ्याच्या यादीत त्याची नोंदच नव्हती.

पोटॅशियमबरोबर पाण्याचाही हिशेब असतोच. लघवी थांबलेल्या रुग्णास दिवसभरात साधारण लिटरभर द्रव पुरवावा लागतो; 200 मिलिलिटर रस म्हणजे त्याचा पाचवा हिस्सा. वाढलेले पाणी फुफ्फुसांवर आणि हृदयावर भार टाकते. मधुमेही रुग्णांसाठी रसातील साखरेचा विचार त्याहून वेगळा.

करंबळाचा धडा

काही फळांचा धोका पोटॅशियमच्याही पलीकडचा असतो. त्याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे कमरख. आडवे कापल्यावर पाच कोनांची चांदणी दिसणारे हे आंबटगोड फळ मराठीत करंबळ म्हणूनही ओळखले जाते आणि पोर्तुगीजांमार्फत जगभर गेलेले त्याचे ‘कारांबोला’ हे नाव या मराठी शब्दावरूनच पडले असावे, असे कोशकार सांगतात. क जीवनसत्त्वाने आणि अँटिऑक्सिडंटने संपन्न म्हणून त्याची ख्याती आहे.

ब्राझीलमध्ये डायलिसिसच्या रुग्णांना हे फळ खाल्ल्यानंतर न थांबणारी उचकी लागते, असे डॉक्टरांच्या ध्यानात आले. 2003 मध्ये तेथील डॉक्टरांनी अशा 32 रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. बहुतेकांना उचकी होती, त्यापाठोपाठ उलट्या, भ्रम आणि काहींना झटके; काही रुग्ण दगावले. वेळेवर आणि वारंवार हीमोडायलिसिस झालेले रुग्ण बरे झाले. पुढे 2013 मध्ये साओ पाउलो विद्यापीठाच्या संशोधकांनी या फळातील मेंदूवर परिणाम करणारे विषारी द्रव्य शोधून काढले आणि त्याला ‘कारांबॉक्सिन’ असे नाव दिले. निरोगी माणसाची मूत्रपिंडे ते बाहेर टाकतात, म्हणून त्याला फळ गोड लागते. ज्याची मूत्रपिंडे काम करीत नाहीत, त्याच्या मेंदूपर्यंत ते पोहोचते. फळ तेच, झाड तेच. फरक केवळ खाणाऱ्याच्या शरीराचा. डायलिसिसच्या रुग्णाने कमरख, त्याचा रस किंवा लोणचे, काहीही घेऊ नये.

औषधांशी पडणारी गाठ

डायलिसिसच्या रुग्णास रक्तदाब, रक्तक्षय, हाडे आणि हृदय यांसाठी अनेक औषधे घ्यावी लागतात. ग्रेपफ्रूट या फळामुळे रक्तदाबाच्या एका औषधाची रक्तातील पातळी कित्येक पटींनी वाढते, हे 1991 मध्ये कॅनडातील संशोधकांनी दाखवून दिले. आतड्यातील जे विकर औषधाचे विघटन करते, त्यालाच या फळातील द्रव्ये निकामी करतात. आपल्याकडील पपनस याच कुळातील. मूत्रपिंडरोपण झालेल्या रुग्णांनी तर विशेष सावध असावे. कारण नवे मूत्रपिंड टिकविणाऱ्या टॅक्रोलिमस आणि सायक्लोस्पोरिन या औषधांची पातळी अशाच मार्गाने बिघडते.

आवळ्याचा रस किंवा क जीवनसत्त्वाच्या मोठ्या गोळ्या हीही निर्धोक वाट नाही. हे जीवनसत्त्व डायलिसिसमध्ये वाहून जाते हे खरे. म्हणूनच डॉक्टर ते दिवसाला साधारण 60 ते 100 मिलीग्रॅम एवढ्या मापात देतात. अधिक झालेल्या भागाचे शरीरात ऑक्झलेट बनते. मूत्रपिंड ते बाहेर टाकू शकत नसल्याने ते सांधे, रक्तवाहिन्या आणि इतर अवयवांत साठू लागते. अ जीवनसत्त्व तर डायलिसिसने निघतच नाही. ते असलेल्या बहुजीवनसत्त्वी गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. डायलिसिसच्या रुग्णांसाठीची जीवनसत्त्वे वेगळ्या मापाची असतात, ती याच कारणाने.

लेबल वाचावे कसे?

अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या 2016 च्या नियमांनुसार पूरक आहाराच्या वेष्टनावर ते औषधी वापरासाठी नाही, असे लिहावे लागते आणि रोग बरा करण्याचा दावा करता येत नाही. 1954 च्या औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या परिशिष्टात ज्या रोगांवरील उपचारांची जाहिरात करण्यास मनाई आहे, त्यांत ‘ब्राइट्स डिसीज’ हे मूत्रपिंडविकाराचे जुने नाव समाविष्ट आहे. तेव्हा एखादी बाटली ‘डायलिसिस सुटेल’ असे सांगत असेल, तर तेवढ्यावरूनच तिचा विश्वास धरू नये.

लेबलवर ऊर्जा, साखर, स्निग्धांश, सोडियम हे आकडे असतात. पोटॅशियम छापणे मात्र सक्तीचे नाही. ते छापलेले नाही याचा अर्थ ते आत नाही, असा होत नाही. सोडियम कमी केलेल्या मिठाविषयीही हेच ध्यानात ठेवावे. त्यात सोडियमच्या जागी बहुधा पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते. शाकाहारी कुटुंबांनी आणखी एक गोष्ट पाहावी. आतील अर्क फळाचा असला तरी कॅप्सूलचे कवच अनेकदा जिलेटिनचे, म्हणजे प्राणिजन्य असते. हिरव्या ठिपक्याची खूण असल्याखेरीज ती घेऊ नये.

मग फळे खावीतच नाहीत काय?

वरील विवेचनावरून फळांचीच धास्ती घेणे हीदेखील चूक ठरेल. युरोप आणि दक्षिण अमेरिकेतील आठ हजारांहून अधिक हीमोडायलिसिस रुग्णांच्या आहाराची पाहणी 2019 मध्ये प्रसिद्ध झाली. फळे व भाज्या अधिक खाणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण कमी आढळले. दिवसातून चार वाढप्यांइतकी फळे-भाज्या खाणारे मात्र शेकडा चारच होते. मुळात बरी प्रकृती असणारेच अधिक खात असतील, ही शक्यता अशा पाहणीत राहते, म्हणून तिला अंतिम पुरावा मानता येत नाही. तरीही सरसकट फळबंदी करणे योग्य नाही, एवढी दिशा तिने निश्चित दाखविली आहे. सबंध फळात चोथा असतो, तो पोट साफ ठेवतो आणि मलावाटे पोटॅशियम जाण्यास साहाय्य करतो. रस आणि अर्क यांत तो उरत नाही. एका बैठकीत माणूस एक सफरचंद खातो, तीन सफरचंदांचा रस मात्र सहज पितो.

म्हणून आहारतज्ज्ञांच्या सल्ल्याने सफरचंद, नासपती, अननस, जांभूळ यांसारखी फळे मोजून घ्यावीत. केळी, शहाळे, मोसंबी-संत्र्याचे रस, खजूर, मनुका आणि जर्दाळू यांना आवर घालावा. दर महिन्याच्या रक्ततपासणीतील पोटॅशियमचा आकडा वहीत लिहून ठेवावा. तो आकडा हेच खरे मार्गदर्शन. एखादा पूरक पदार्थ घ्यावासा वाटलाच, तर बाटलीच डायलिसिस केंद्रात नेऊन डॉक्टरांना दाखवावी आणि ते सांगतील त्या मापात, सांगतील त्या दिवशीच घ्यावी. पर्युषण किंवा दशलक्षण पर्वात हिरव्या भाज्या वर्ज्य करून कडधान्ये व सुका मेवा वाढविणाऱ्या घरांत, तसेच उपवासाच्या पारण्यास खजूर किंवा शहाळे देण्याची प्रथा असलेल्या घरांत, रुग्णाचे ताट आधीच वेगळे ठरवून घ्यावे.

खर्चाचाही विचार व्हावा. महिन्याकाठी हजारो रुपये बाटल्यांवर जातात आणि त्याच घरात तिसरे डायलिसिस परवडत नाही म्हणून टाळले जाते, असे चित्र दिसते. हा व्यवहार तोट्याचा आहे. वेळेवर आणि पुरेसा वेळ झालेले डायलिसिस जे काम करते, ते कोणताही अर्क करू शकत नाही. केंद्र सरकारने 2016 मध्ये जाहीर केलेला प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम आणि राज्याची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना यांची चौकशी जिल्हा रुग्णालयात करता येते. बाटलीसाठी बाजूला काढलेले पैसे त्या बैठकीच्या प्रवासखर्चास लागले, तर ते अधिक सत्कारणी लागतील.

नातेवाइकांनीही भेटीची रीत थोडी बदलावी. डायलिसिसच्या रुग्णाकडे जाताना काय आणू, असे घरच्या माणसास आधी विचारावे. त्याने ‘काही नको’ म्हटले तर त्यात अनमान मानू नये. रुग्णाच्या चार तासांच्या बैठकीत त्याच्याशेजारी बसणे, त्याला केंद्रावर नेऊन आणणे, घरच्या माणसास एक दिवस विश्रांती देणे, या भेटींत पोटॅशियम नसते आणि त्यांची रुग्णाला गरज मात्र फार असते.